खेचरावरून पडलेला शिपाई

महिपती रुपनवर हा माणूस मला कधी आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण जिवंत असताना त्यानं माझ्याबद्दल जे काही बोलून ठेवलंय ते ऐकलेली निदान पन्नास माणसं सोलापुरात आहेत, तेव्हा फिटंफाट समजा.

मी सिद्धप्पा, मूळचा मैंदर्गीचा. गेली बावीस वर्षं कलेक्टर कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल टाकून टायपिंग करतो. अर्ज, जबाब, करारपत्र, काय हवं ते. माझ्याकडे येणारा माणूस एक तर रडत येतो, नाही तर भांडत येतो, आणि मी दोघांवरही सारखाच खेकसतो. त्याशिवाय काम उरकत नाही. महिपती मात्र भांडत आला आणि चार वर्षं भांडतच राहिला.

चौऱ्याहत्तर सालचा उन्हाळा होता. अंगात गिरणीच्या वॉचमनचा कोट, खाली सैल खाकी विजार, उजवा पाय ओढत तो आला आणि रामराम नाही, नमस्कार नाही, पाय उचलून थेट माझ्या टेबलावर ठेवला. विजार मांडीपर्यंत सरकवली.

"बगा. हितनं गोळी आत गेली आन् हितनं भायेर आली. आता लिवा."

"पाय खाली घ्या," मी म्हणालो. "हे टेबल आहे, दवाखाना नव्हे."

पाय खाली घ्यायला त्यानं पुरता वेळ घेतला. मग खिशातून पेपरचं कात्रण काढलं. लढाईत जखमी झालेल्या जवानांसाठी सरकारनं पदक काढलं होतं आणि ते स्वातंत्र्यानंतरच्या सगळ्या लढायांना लागू होतं. महिपतीला ते हवं होतं. अठ्ठेचाळीस साली काश्मीरच्या लढाईत तो खेचरांच्या कंपनीत होता. डोंगरावरच्या ठाण्यांना दारूगोळा, पीठ, रॉकेल पोचवायचं ते खेचरांच्या पाठीवरून. एका वळणावर समोरून गोळीबार झाला, याच्या मांडीतून गोळी गेली आणि हा खेचरासकट दरडीवरून खाली गेला. खेचर मेलं. हा दुसऱ्या दिवशी सापडला.

"मग अडचण काय आहे?" मी विचारलं.

अडचण त्याच्या डिस्चार्ज बुकात होती. वर्षभरानं नाव कमी करताना पलटणीतल्या कुणा कारकुनानं त्यात लिहून ठेवलं होतं: उजव्या मांडीस इजा, कारण, खेचरावरून पडल्याने. एवढंच. गोळीचं नाव नाही.

"भरल्या खेचरावर कुणी बसतं का, मास्तर? त्येला हाकत न्यायचं असतंय, कासरा धरून. बसायला मी काय नवरदेव व्हतो?"

मला हसू आलं. हसायला नको होतं, पण आलं. त्या दिवसापासून त्याच्या लेखी मी शत्रूच्या बाजूचा झालो.

हसणारा मी पहिला नव्हतो. ते डिस्चार्ज बुक गावच्या चावडीत मोठ्यानं वाचलं गेलं होतं. गिरणीत नोकरीला लागताना पुन्हा वाचलं गेलं. त्याचं गाव नातेपुत्याजवळची एक वस्ती. तिथं सख्खा भाऊ धोंडीराम चारचौघांत त्याला 'आमचा खेचरावरचा सरदार' म्हणायचा. गिरणीचा भोंगा झाला की सुटलेल्या पाळीतले कामगार गेटवर त्याच्यासमोरून जाताना खेचरासारखे खिंकाळायचे. सव्वीस वर्षं. तुम्ही-आम्ही असतो तर गाव सोडलं असतं. हा मात्र रोज त्याच गेटवर काठी घेऊन उभा राहायचा आणि उशिरा येणाऱ्या एकालाही आत सोडायचा नाही. त्यामुळे खिंकाळणं वाढतच गेलं.

पहिल्या अर्जावर आमचं दोन तास भांडण झालं. मी 'कृपया विचार व्हावा' लिहिलं तर तो म्हणे, कृपया कशाला, मी काय भीक मागतोय का. मी म्हणालो, अर्जात कृपया असतंच. तो म्हणाला, मग अर्ज नको, हुकूम लिवा. शेवटी 'कृपया' राहिलं, पण त्यानं माझ्या डोळ्यांदेखत पेनानं ते खोडलं आणि तसाच कागद सैनिकांच्या ऑफिसात नेऊन दिला.

ते ऑफिसही त्याच्या तोडीस तोड होतं. तिथला क्लार्क गोरा, गोल आणि गोड बोलणारा. असले लोक मला जास्त राग आणतात. पहिल्यांदा त्यानं डॉक्टरचा दाखला मागितला. डॉक्टरांनी लिहून दिलं की व्रण जुने आहेत, सव्वीस वर्षांनी कारण सांगता येत नाही. मग क्लार्कनं सोबत्यांची साक्ष मागितली. सोबती दोन होते, दोघंही तिथंच दरडीखाली राहिले. मग तो म्हणाला, "त्या वेळचा एखादा कागद आणा की, रुपनवर. कागद असला की झालं."

कागद होता. जखमी शिपायाच्या घरी लष्करातून तार जाते, तशी त्याच्याही घरी गेली होती. "गोळी लागून जखमी, अशी तार तुझ्या घरी केलीय," असं दवाखान्यातल्या साहेबानं त्याला स्वतः सांगितलं होतं. गावी परतल्यावर त्यानं बापाला विचारलं, तार कुठाय? बाप म्हणाला, आलती, फाटली. त्यावर एक शब्द कुणी बोललं नाही.

"माज्या इज्जतीचा कागद चुलीत घातला ह्यांनी," महिपती मला सांगायचा, आणि मग बाप, भाऊ, भावजय, बायको अशी क्रमानं सगळ्यांचा उद्धार करायचा. बायकोचा नंबर शेवटचा असला तरी वेळ तिलाच जास्त मिळायचा. घरात होती ना ती, तिला एक कागद सांभाळता आला नाही?

मीच त्याला म्हणालो, "मग बायकोचा जबाब घेऊ. तार आलेली तिनं पाहिली एवढं जरी ती म्हणाली तरी चालेल."

सोजरबाई आली. बारकी, काळसर, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. त्यानं तिला स्टुलावर बसवलं आणि स्वतः पहारा दिल्यासारखा मागं उभा राहिला. मी मशीनमध्ये कागद-कार्बन चढवला आणि विचारलं, "बाई, तार आली तेव्हा तुम्ही घरी होता?"

"व्हते."

"तारेचं काय झालं?"

मागून महिपती खेकसला, "सांग की. फाडली म्हणून सांग."

"तुमी थांबा वाईच," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तो थांबला. मग ती मशीनकडं बघत बोलली. माझ्याकडं नाही, त्याच्याकडं तर नाहीच.

त्या काळी वस्तीवर तार यायची ती फक्त मरणाची. पोस्टमन तार घेऊन दिसला की बाया वाचण्याआधी रडायला बसायच्या. वाचणार तरी कोण, तार इंग्रजीत. तशीच ही तार आली. मुलगा लढाईवर, पोस्टमनच्या हातात तार. आणखी काय समजायचं? सासूनं हंबरडा फोडला, शेजारपाजारच्या बाया धावल्या, आणि त्यांनी सतरा वर्षांच्या सोजरबाईला अंगणात बसवून तिच्या बांगड्या दगडानं फोडल्या. कुंकू पुसलं. तिसऱ्या प्रहरी नातेपुत्याहून शाळामास्तराला आणलं. त्यानं तार वाचली आणि म्हणाला, अरे, हा जिवंत आहे.

"मग सगळ्यांची दातखीळ बसली," सोजरबाई म्हणाली. "जित्या माणसाची बायको रांडाव केली, ह्येच्यावानी पाप न्हाय. मामंजींनी तार फाडून टाकली. म्हनाले, ह्यो दिस झालाच न्हाय. सासूनं सोताच्या हातातल्या बांगड्या काडून मला चडवल्या. तिचा हात बारका, माजा हात सोलून निगाला. समद्यांना शपथ घातली, त्येला कवा कळू द्यायचं न्हाय."

मी टाइप करायचा थांबलो होतो. बावीस वर्षांत असा कितीदा थांबलो असेन, चारदा?

महिपतीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. वाटलं, आता हा तिच्याशी निदान एक शब्द बरा बोलेल. तो म्हणाला, "सव्वीस वरसं तोंड शिवून बसलीस व्हय?"

"तुमी कवा इचारलं?" ती म्हणाली. "तार कुटाय, ह्येच इचारलं. तार आली तवा तुजं काय झालं, ह्ये इचारलं का?"

ती पुढं जे म्हणाली ते मी जबाबात घेतलं नाही, पण माझ्या डोक्यातून जात नाही. बांगड्या पुन्हा भरल्या तरी बायका विसरल्या नव्हत्या. भावकीत लग्न निघालं की हळद कुटायला पाच सवाष्णी बसतात. मुसळाला पहिला हात त्यांचा. सव्वीस वर्षांत तिला एकदाही कुणी त्या पाचांत बसवलं नव्हतं. कुणी तोंडानं नको म्हणायचं नाही, फक्त पाच आधीच झालेल्या असायच्या. महिपतीला वाटायचं, खेचरवाल्याची बायको म्हणून तिचा अपमान करतात, आणि तो त्याचाही राग तिच्यावरच काढायचा.

जबाब झाला. तिनं अंगठा उठवला. घरी जाताना तो पुढं आणि ती दहा पावलं मागं, हे नेहमीसारखंच. मी दुपारभर कुणाचं काम घेतलं नाही. महिपतीचा राग आला होता, त्या बायांचा आला होता, आणि माझी बायको ईरम्मा तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या वाजवत ताट वाढायला लागली तेव्हा विनाकारण तिच्यावरही ओरडलो.

ऑफिसचं उत्तर पाच महिन्यांनी आलं. त्यातली भाषा मला पाठ आहे, कारण मी अशीच भाषा विकतो. 'साक्षीदाराच्या जबाबानुसार तार आल्यावर साक्षीदारास विधवा करण्यात आले. यावरून सदर तार निधनाची असल्याचे दिसते. अर्जदार हयात आहे. सबब सदर तार अर्जदारासंबंधी नसावी. तार प्रत्यक्ष वाचणाऱ्या अथवा वाचताना ऐकणाऱ्या व्यक्तीचा जबाब जोडावा.'

मी ते दोनदा वाचलं आणि त्या गोल क्लार्कला कन्नडमध्ये अशा शिव्या दिल्या की शेजारचा स्टॅम्पवाला उठून गेला. म्हणजे बाईनं सव्वीस वर्षांचं गुपित उघडं केलं, आणि यांनी त्यातून हिशेब काढला की महिपती मेला नाही, म्हणून त्याला गोळी लागली नाही. महिपती पदकासाठी भांडत होता, पण त्या दिवसापासून मीही भांडायला लागलो. त्याच्या प्रेमापोटी नव्हे, त्या क्लार्कच्या द्वेषापोटी.

वाचणारा मास्तर केव्हाच वारला होता. सोजरबाईच्या कानावर 'जिवंत आहे' एवढंच पडलं होतं. पुरता मजकूर ऐकलेला एकच शिल्लक होता. धोंडीराम.

शहात्तरच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं एस.टी.नं नातेपुत्याला गेलो. मी जबाब टाइप करूनच नेला होता: तार माझ्यासमक्ष वाचली, तीत गोळी लागून जखमी असा मजकूर होता. खाली फक्त धोंडीरामची सही आणि सरपंचाचा शिक्का हवा होता. वस्तीवर पोचलो तर दारात मांडवाच्या मेढी रोवणं चाललेलं. धोंडीरामच्या मुलीचं, विजयमालाचं, लग्न आठ दिवसांवर आलं होतं.

धोंडीराम पन्नाशीकडं झुकलेला, पोट सुटलेला, बोलताना दुसऱ्याच्या खांद्यावरून पलीकडं बघणारा. त्यानं जबाब वाचला. सावकाश वाचला.

"खरं हाय ह्ये," तो म्हणाला. "मी तवा सोळा वरसाचा. मास्तराच्या शेजारीच हुबा व्हतो."

महिपती म्हणाला, "आन् चावडीत बुक वाचलं तवा? तवा त्वांड कुटं व्हतं तुजं?"

"बापाची शपथ व्हती."

"खेचरावरचा सरदार म्हनायची बी शपथ व्हती का?"

धोंडीरामची बायको गोजरबाई पाण्याचे तांबे घेऊन आली, ठेवले आणि दाराआड उभी राहिली. कुणी पाण्याला हात लावला नाही. शेवटी धोंडीराम म्हणाला, "सही करतो. पन एक हाय. कागुद झाला की वैनीच्या बांगड्यांची गोष्ट भायेर फुटली. पोरीच्या सासरची मानसं लई इचार करनारी हायती. वैनीनं हळदीला यायचं न्हाय. लग्नाला बी नको. दुखनं आलंय म्हनून सांगू आमी."

मी मनात म्हणत होतो, हो म्हण, गड्या. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, बाई काय लग्नाला जायला रडून बसलेली नाही. हो म्हण आणि सही घे. खोटं कशाला बोलू, मी जबाबाखाली पेनही ठेवलं.

महिपतीनं पेन उचललं. मला वाटलं भावाच्या हातात देतोय. त्यानं ते मला परत दिलं.

"मास्तर, लिवा," तो म्हणाला. "मी खेचरावरनं पडलो. दारू पिऊन पडलो म्हना. सही मी करतो. आन् ही हळदीला येनार."

आता सोजरबाईला भरून यावं, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं होतं. ती चवताळून उठली.

"कुनी सांगितलं व्हतं तुमाला?" ती म्हणाली. "येवडी वरसं माजं काय ऱ्हायलंय त्या मुसळापायी? तुमचा कागुद तरी हू द्यायचा. घरात रोज त्योच कागुद खाल्ला आमी भाकरीबरूबर. भावजी, करा सही. मी न्हाय येत."

"तू गप."

"मी गप व्हते म्हनूनच ह्ये झालं."

दोघं त्या मांडवाच्या मेढीखाली एकमेकांवर असे तुटून पडले की मेढी रोवणारी माणसं काम सोडून बघायला लागली. धोंडीरामला काय, निमित्तच हवं होतं. तो कागद माझ्या मांडीवर ठेवून उठून गेला. परतीच्या एस.टी.त महिपती पुढच्या बाकावर, सोजरबाई बायकांच्या बाकावर आणि मी मागं. टेंभुर्णीपर्यंत तो मान वळवून भांडत होता. मी इतका चिडलो होतो की दोघांनाही गाडीतून उतरवावंसं वाटलं.

आठ दिवसांनी तो हट्टानं तिला हळदीला घेऊन गेलाच. पाच सवाष्णी आधीच झाल्या होत्या. ती दिवसभर आचाऱ्याजवळ लसूण सोलत बसली. हे तिनंच मला नंतर सांगितलं. एवढा कागद सोडला त्या माणसानं, आणि त्याच्या बदल्यात तिला लसूण मिळाला. मला अजून त्या घराचा राग येतो.

त्यानंतर महिपतीनं अर्ज केला नाही. मीच म्हणायचो, वर अपील करू, मी फुकट टाइप करतो. तो म्हणायचा, "तुमच्या मशीनला काम न्हाय का दुसरं?" कधी कचेरीकडं आला तर माझ्या स्टुलावर बसून तासभर माझ्या इतर गिऱ्हाइकांशी वाद घालायचा. गेटवरचं खिंकाळणं चालूच होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या माघात, सकाळच्या पाळीला गेट उघडता उघडता तो खाली बसला तो उठलाच नाही. मी त्याच्या चाळीत पोचलो तेव्हा दारात गर्दी होती. गिरणीतले कामगार आले होते. त्यांतले खिंकाळणारे कोण, ते मी चेहऱ्यांवरून ओळखत होतो आणि एकालाही जागा देत नव्हतो. दुपारी नातेपुत्याहून धोंडीराम, गोजरबाई आणि भावकी आली. ताटी बांधून तयार झाली. गोजरबाई रीतीप्रमाणं दोन बायांना घेऊन पुढं झाली. एकीच्या हातात बत्ता होता.

सोजरबाई महिपतीच्या उशाशी बसली होती. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"माज्या फोडून झाल्यात," ती म्हणाली.

गोजरबाईला समजलं, पण ती न समजल्यासारखी म्हणाली, "असं करू ने बाई, रीत हाय."

"रीत मला ठावं हाय. एका नवऱ्यापायी दोन डाव फोडत न्हाईत. तुज्या सासूच्या अंगनात फोडल्या, अठ्ठेचाळीस साली. आज ह्या मी माज्या हातानं काडीन, दगूड लावू देनार न्हाय."

बायांत कुजबुज झाली. चाळीतल्या लोकांना काही कळेना. दारातला एक कामगार पुढं सरकून विचारू लागला, काय झालं, काय झालं. सोजरबाईनं मान वर केली आणि गर्दीतून नेमकं धोंडीरामला शोधलं.

"भावजी, ह्यांना सांगा," ती म्हणाली. "तवा माज्या बांगड्या कशापायी फोडल्या व्हत्या? सांगितल्याबिगार ह्यांना उचलू देनार न्हाय."

धोंडीराम माझ्या खांद्यावरून पलीकडं बघू लागला. मी सरकलो आणि नेमका त्याच्या नजरेसमोर उभा राहिलो. दुसरीकडं बघितलं तर तिथं गिरणीची माणसं. ऊन उतरायला लागलं होतं, खांदेकरी ताटकळले होते, कुणीतरी 'आटपा' म्हणालं. ती हलली नाही.

"तार आलती," धोंडीराम शेवटी म्हणाला.

"कसली?"

"दादाला गोळी लागल्याची."

"मोट्यानं."

"गोळी लागल्याची," तो ओरडला, आणि त्याच आवाजात रडायला लागला. "मांडीला गोळी लागली त्येच्या. मी ऐकलंय. खेचरावरनं न्हाय पडला त्यो. समद्यांना ठावं व्हतं."

गिरणीतल्या कामगारांनी एकमेकांकडं बघितलं नाही. सोजरबाईनं पदराखालून हात काढले, एकेक बांगडी सोडवून महिपतीच्या छातीवर ठेवली आणि बाजूला सरकली.

"आता उचला त्यांना," ती म्हणाली.